सायंकाळचें एकत्र पान

ज्या घरांत सात-आठ माणसें राहतात त्या घराची खरी परीक्षा सणावारीं होत नाहीं. सणाच्या दिवशीं सर्वांस सुटी असते, हाताखालीं माणसें असतात, आणि पुरणाचा घाट घालण्यास उत्साहहि असतो. परीक्षा होते ती मंगळवारीं किंवा बुधवारीं, रात्रीं आठ वाजतां. कचेरींतून थकून आलेलीं माणसें, अभ्यासाला बसलेलीं मुलें, आणि ओट्यापाशीं उभी असलेली एक बाई, असें चित्र आज मुंबईच्या उपनगरांतील बहुतेक घरांत दिसतें. त्या बाईच्या सोयीसाठीं, आणि तिच्या सोयींतून साऱ्या घराच्या हितासाठीं, एका सोप्या पदार्थाची माहिती वाचकांपुढें ठेवावी असा आमचा विचार आहे. पाकशास्त्रावर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असें कोणी विचारील. अधिकार एवढाच, कीं पस्तीस वर्षें आम्हीं संस्कृत शिकविलें, आणि त्या सर्व काळांत पाणी पिण्यापलीकडे स्वयंपाकघरांत पाऊल टाकलें नाहीं. ज्यानें चूक केली आहे त्यालाच ती कोठें होती हें नीट सांगतां येतें.

आम्ही घाटकोपरास पूर्वेच्या बाजूस राहतों. आम्ही उभयतां, आमच्या वडील भगिनी, थोरले चिरंजीव व सूनबाई, धाकटे चिरंजीव आणि दोन नातवंडें अशीं आठ पानें रोज मांडावीं लागतात. थोरले चिरंजीव अंधेरीस नोकरीला आहेत. २०१४ च्या जूनमध्यें मेट्रो सुरू झाल्यापासून त्यांचा बसचा जाच चुकला, पण घाटकोपर स्टेशनचा जिना चढण्या-उतरण्याची गर्दी मात्र वाढली. सूनबाई फोर्टांतील एका कचेरींत जाते. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती याच वाटेनें. आज त्या वाटेवर गाडींत पाय ठेवण्याइतकी जागा मिळाली तरी माणूस स्वतःस भाग्यवान् समजतो.

दोघेंहि आठाच्या सुमारास घरीं येतात. तोंवर आमच्या सौभाग्यवतींनीं भाजी-आमटी करून ठेवलेली असे. पोळ्या मात्र गरम हव्यात, हा आमच्या घरचा जुना दंडक. आठ माणसांच्या पंचवीस पोळ्या होतात. एक पोळी लाटून, भाजून, तव्यावरून उतरण्यास दोन मिनिटें धरलीं, तर ती पन्नास मिनिटांची उभी मजुरी झाली. हा हिशेब आम्हीं कधीं मांडला नव्हता. गणित हा आमचा विषय नव्हे, असें म्हणून सुटतां येईल. पण खरें कारण असें, कीं आम्ही ताटावर बसलेले असूं, आणि ताटावर बसलेल्याला तवा दिसत नाहीं. पोळ्या करणारीचें पान सर्वांच्या मागून पडतें, आणि तोंवर भाजी निवलेली असते. वर्गांत आम्हीं वर्षानुवर्षें मुलांकडून एकत्र पोषणाची प्रार्थना असलेला शांतिपाठ म्हणवून घेतला, आणि आमच्याच घरीं रोज एक पान मागें राहत होतें तें आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत सौभाग्यवतींच्या उजव्या मनगटानें असहकार पुकारला. डॉक्टरांनीं लाटणें हातीं धरूं नये असें बजावलें. मग सूनबाई गाडींतून उतरून घरीं येई ती हातपाय धुऊन थेट ओट्यापाशीं. पंधरा दिवसांत तिचाहि चेहरा उतरला. त्यानंतर बाहेरून डबे येऊं लागले. प्रथम शनिवारीं, मग बुधवारीं, मग केव्हांहि. एके रात्रीं दाराची घंटा तीन वेळां वाजली. मुलांसाठीं एक जिन्नस आला, धाकट्या चिरंजीवांसाठीं दुसरा, थोरल्यांसाठीं तिसरा. आमच्या भगिनी दूधभात खाऊन केव्हांच निजल्या होत्या. सूनबाईनें मुलांचें उरलेलें उभ्या-उभ्याच खाल्लें. एका घरांत आठ माणसें पांच ठिकाणीं आणि पांच वेळां जेवलीं.

त्याच आठवड्यांत थोरल्या चिरंजीवांनीं मुलुंडला एक लहानशी जागा पाहून आल्याचें सांगितलें. ‘केवळ सोयीसाठीं, बाबा, मनांत दुसरें कांहीं नाहीं,’ असें ते म्हणाले. खरोखरच दुसरें कांहीं नव्हतें, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें. भांडण असतें तर मिटवितां तरी आलें असतें.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडांत एक गुजराथी कुटुंब राहतें. घाटकोपरांत गुजराथी व कच्छी वस्ती इतकी जुनी आणि दाट आहे, कीं येथल्या मराठी मनुष्यास ढोकळा परका वाटत नाहीं. फक्त आपली कोंकणची खांडवी गोड व त्यांची तिखट, एवढें ध्यानांत ठेवावें लागतें. सौभाग्यवतींच्या मनगटाची वार्ता ऐकून समोरच्या बेन एका सायंकाळीं झांकलेला डबा घेऊन आल्या. डब्यांत चौकोनी वड्या होत्या. वर तिळांनीं भरलेली तांबूस, खरपूस पापडी. आंत दुधीच्या किसानें ओलसर झालेला, किंचित् आंबूस, मऊ भाग. हा हांडवो. नांव ऐकून माहीत होतें; घरीं करण्याचें कधीं मनांत आलें नव्हतें. बेन म्हणाल्या, ‘मास्तर, तुमच्याकडे ओव्हन आहे ना? मग रोज पोळ्याच कशाला?’ ओव्हन होता. तो दिवाळींत नानकटाईसाठीं चालू होई, आणि एरवीं त्याच्या डोक्यावर आमचीं वर्तमानपत्रें सांठत.

त्या रात्रीं वड्या खातां खातां आमच्या मनांत जो विचार आला तोच या लेखाचा सारांश आहे. या पदार्थाची चव उत्तम आहेच. पण त्याचा खरा गुण त्याच्या रीतींत आहे. पोळी, धिरडें, थालीपीठ हीं एकामागून एक होतात, आणि प्रत्येकापाशीं माणूस उभा लागतो. भट्टींतला पदार्थ एकदांच आंत जातो व एकदांच बाहेर येतो. मधल्या पाऊण तासांत विस्तव आपलें काम करतो आणि करणारा मोकळा असतो. पदार्थ बाहेर आला, कीं आठहि पानें एका वेळीं वाढलीं जातात, आणि त्यांत आठवें पान करणारीचें असतें.

आमच्या भगिनींस मात्र ओव्हन या वस्तूचाच संशय. भट्टी म्हणजे पाव, आणि पाव म्हणजे बाटणें, ही समजूत त्यांनीं आजीपासून घेतलेली. एके काळीं ती समजूत लहान नव्हती. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटांवरून जें प्रकरण उद्भवलें, त्यांत न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांनाहि प्रायश्चित्ताच्या वादास तोंड द्यावें लागलें होतें. तेव्हां आम्हीं भगिनींपुढें आमचें शास्त्र उघडलें. निवृत्त शिक्षकाला अशी संधि वारंवार मिळत नाहीं.

वैदिक इष्टींतला पुरोडाश म्हणजे काय? तांदुळाच्या किंवा जवाच्या पिठाचा, कांसवाच्या पाठीसारखा घडविलेला गोळा. तो तापलेल्या कपालांवर, म्हणजे मातीच्या खापरांवर, ठेवीत आणि वरून निखारे व ऊन राख पसरीत. अग्नीच्या पुरोडाशास आठ कपालें, अग्नि व सोम या जोडदेवतांच्या पुरोडाशास अकरा. खालून आंच आणि वरूनहि आंच. ओव्हन याहून निराळें काय करतो? अमरकोशांत भाजण्याच्या पात्रास ‘कन्दु’ हा शब्द आहे, आणि असे पदार्थ करून विकणाऱ्यास ‘कान्दविक’ म्हटलें आहे. इतकें दूर कशाला जा? कोंकणांत तवशाचें धोंडस करीत तें पातेल्यावर निखाऱ्यांचें झांकण ठेवून. कायस्थ प्रभूंच्या घरचें भानोलेंहि वरखालीं निखारे घालूनच भाजीत. वऱ्हाडांत रोडगे गोवऱ्यांच्या आंचेंत भाजतात. पुढें शहरांतून कोळशाची शेगडी गेली, रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅस आला. ज्योत खालीं राहिली, वरचे निखारे विझले, आणि भाजण्याची एक सबंध विद्या आमच्या घरांतून निघून गेली. विजेच्या ओव्हननें त्या वरच्या निखाऱ्यांचीच जागा भरून काढली आहे. नवें असें त्यांत थोडेंच.

एवढें प्रवचन शांतपणें ऐकून भगिनींनीं एकच प्रश्न केला, ‘अंडें नाहीं ना रे त्यांत?’ नाहीं म्हणतांच त्यांनीं दोन वड्या पानांत घेतल्या. कपालांचा कांहींएक उपयोग झाला नाहीं.

आतां कृति सांगतों. हांडव्याचें पीठ घाटकोपरांत किराणा दुकानांत तयार मिळतें, पण घरचें दळवून आणलेलें अधिक चांगलें. जाडे तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, तुरीची डाळ एक वाटी आणि उडदाची डाळ अर्धी वाटी घेऊन इडलीच्या रव्याइतकें जाडसर दळवावें. घट्ट झांकणाच्या डब्यांत हें पीठ महिनाभर राहतें. पावसाळ्यांत मात्र पंधरा दिवसांपुरतेंच दळवावें, कारण दमट हवेंत डाळीच्या पिठाला लवकर वास लागतो. तांदूळ व डाळी एकत्र आल्यानें एकांत जें न्यून असतें तें दुसऱ्यानें भरून निघतें. वरणभातामागें जें शहाणपण आहे तेंच येथेंहि आहे.

आठ माणसांस चार वाट्या पीठ पुरतें. सकाळीं कचेरीस निघण्यापूर्वीं त्यांत दोन वाट्या आंबट दहीं व दोन वाट्या कोमट पाणी घालून कालवावें आणि झांकून ठेवावें. या कामास पांच मिनिटेंहि लागत नाहींत. आपल्याकडच्या उष्ण हवेंत आठ तासांत पीठ फुगून वर बारीक बुडबुडे येतात. मे महिन्यांत सहा तासांनंतर तें फ्रीजमध्यें ठेवावें, नाहीं तर फार आंबतें. थंडीच्या दिवसांत आदल्या रात्रींच भिजवावें.

सायंकाळीं या पिठांत तीन वाट्या दुधीचा कीस न पिळतां घालावा. आलें-मिरचीचें वाटण दोन चमचे, हळद अर्धा चमचा, मीठ सुमारें दोन चमचे, गुळाचा लहानसा खडा, बारीक चिरलेली कोथिंबीर आणि दोन मोठे चमचे तेल, एवढें घालून सारखें करावें. दुधीला पाणी सुटतें, म्हणून वरून पाणी घालण्याची घाई करूं नये. पीठ इडलीच्या पिठाहून किंचित् दाटच हवें. कांदा-लसूण यांची जरूर नाहीं, त्यामुळें चातुर्मासांतहि अडत नाहीं. दुधी नसेल तेव्हां कोबी, गाजर किंवा मेथी घातली तरी चालते.

यापुढें कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. ओव्हन २०० अंशांवर दहा मिनिटें आधीं तापत ठेवावा. तोंवर तीन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, कढीलिंब व मूठभर पांढरे तीळ यांची फोडणी करून बाजूस ठेवावी, आणि ट्रेला तेल लावून घ्यावें. हें सर्व सिद्ध झाल्यावर, अगदीं शेवटीं, पिठांत एक सपाट चमचा खाण्याचा सोडा घालून हलक्या हातानें ढवळावें आणि लगेच ट्रेंत ओतावें. दह्याच्या आंबटपणाशीं सोडा मिळतांच वायु सुटूं लागतो, आणि त्याच वायूनें पदार्थ हलका व्हावयाचा असतो. सोडा घालून मग फोडणीच्या तयारीस लागलें, तर वायु निघून जातो आणि हातीं वीट येते. ट्रे बारा इंच लांब व नऊ इंच रुंद असावा, आणि पिठाचा थर एक इंचाच्या आंतबाहेर असावा. थर जाड झाला तर मध्य कच्चा राहतो. वर फोडणी सर्वत्र पसरून ट्रे आंत ठेवावा, आंच १८० अंशांवर आणावी, आणि चाळीस ते पंचेचाळीस मिनिटें भाजावें. मधोमध सुरी खुपसून ती कोरडी निघाली म्हणजे झालें. वरचा रंग फिका वाटल्यास शेवटचीं पांच मिनिटें केवळ वरची आंच चालू ठेवावी. बाहेर काढल्यावर दहा मिनिटें थांबून मगच वड्या पाडाव्या, नाहीं तर चुरा होतो. तेवढ्या वेळांत पानें मांडून होतात. बरोबर हिरवी चटणी व ताक असलें कीं जेवण पुरें झालें; कोशिंबीर असल्यास उत्तमच. उरलेल्या वड्या दुसऱ्या दिवशीं डब्यांत नेतां येतात.

ज्यांच्या घरीं ओव्हन नाहीं त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. गुजराथी घरांत हांडव्याचें खास भांडें असतें. त्याच्या बुडाशीं वाळूची थाळी असते. तिच्यामुळें ज्योतीची आंच सौम्य होऊन सर्वत्र सारखी पसरते. तेंहि नसेल तर जाड बुडाच्या कढईंत तेल-तिळांची फोडणी करून तिच्यावरच पाऊण इंच जाडीचें पीठ ओतावें, झांकण ठेवून मंद आंचेवर दहा-बारा मिनिटें भाजावें, आणि उलटून पुन्हां सात-आठ मिनिटें. मोठ्या घरास असे दोन-तीन घाणे लागतात हें खरें, पण लाटणें वांचतें. विजेची ज्यांस चिंता वाटते त्यांच्यासाठीं सांगतों: दीड हजार वॉटचा ओव्हन पाऊण तास चालला तर सुमारें एक युनिट वीज लागते. बाहेरून आलेल्या एका डब्याच्या मोबदल्यांत असे पुष्कळ युनिट मिळतील.

आतां आमच्या चुकाहि सांगितल्या पाहिजेत. दुधी किसण्यापासून ट्रे आंत ठेवण्यापर्यंतचें सायंकाळचें काम आम्हीं स्वतःकडे घेतलें. पहिल्या दिवशीं पदार्थ कसा होतो तें पाहण्याच्या उत्सुकतेनें ओव्हनचें दार आम्हीं पंधरा मिनिटांत चार वेळां उघडलें. आंतली उष्णता निघून गेली आणि हांडवो मध्यें खचला. नातू म्हणाला, ‘आजोबा, मुलें पेपर लिहीत असतांना तुम्ही तो मधेंच ओढून पाहत होतां का?’ यास उत्तर नव्हतें. दुसऱ्या खेपेस स्वाभिमानानें आम्हीं हांडव्याच्या पिठाऐवजीं घरची थालीपिठाची भाजणी वापरली. भाजणी अगोदरच भाजलेली असते; ती पाणी फार पिते आणि तितकी आंबतहि नाहीं. ट्रेंतून जें निघालें तें चवीस चांगलें, पण दातांस जड होतें. पुढें सौभाग्यवतींनीं भाजणींत निम्मा रवा मिसळण्यास सुचविलें, आणि तेव्हांपासून तोहि प्रकार साधूं लागला. चाळीस वर्षें स्वयंपाक केलेल्या माणसास आधींच विचारलें असतें तर पाव किलो भाजणी वांचली असती.

हल्लीं मंगळवार व गुरुवार हे आमच्या घरचे भट्टीचे वार ठरले आहेत. साडेसातास ट्रे आंत जातो. सूनबाई घरीं येते तेव्हां घरभर तिळांचा खमंग वास असतो आणि ओट्यापाशीं कोणी उभें नसतें. पहिल्या मंगळवारीं ती संवयीनें थेट आंत गेली, ओटा रिकामा पाहून क्षणभर घोटाळली, आणि म्हणाली, ‘बाबा, मी काय करूं?’ आम्ही म्हणालों, ‘कांहीं नाहीं. बस.’ ती बसली. पाऊण तास सर्वजण नुसते बसून बोलत होतों. सूनबाई आमच्या घरीं येऊन नऊ वर्षें झालीं. कचेरींत ती नेमकें काय काम करते, तिच्या हाताखालीं किती माणसें आहेत, आणि गेल्या वर्षीं तिला बढती मिळाली होती, हें सर्व आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें. बढतीचें तिनें घरीं सांगितलें होतें म्हणे. सांगितलें तेव्हां ती पोळ्या लाटीत होती, आणि आम्ही ताटावर होतों.

मुलुंडच्या जागेचा विषय संपला असें आम्ही म्हणत नाहीं. मुलें मोठीं होत आहेत, घर लहान आहे, आणि एका ट्रेनें एवढे प्रश्न सुटत नाहींत. जाण्याची वेळ आलीच, तर मुलुंड येथून पांचवें स्टेशन आहे. पिठाचा डबा बरोबर देऊं आणि मंगळवारीं आम्हीच तिकडे जाऊं. परंतु जोंवर सर्व एका छपराखालीं आहोंत, तोंवर आठवड्यांतून दोन सायंकाळीं तरी आठ पानें एका वेळीं पडतील, एवढें आमच्या हातीं आहे.

वाचकांपैकीं जे आमच्याच वयाचे व आमच्यासारखेच ताटावर बसणारे असतील, त्यांस एवढीच विनंति, कीं येत्या मंगळवारीं सकाळीं चार वाट्या पीठ स्वतः भिजवावें. दुधी किसतांना बोटें सांभाळावीं, आणि ओव्हनचें दार मधें उघडूं नये.